पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन बसवावा का?

बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, सकाळी मस्त चालते पण खंबाटकी घाटात ट्रॅफिक लागलं की टेम्परेचरचा काटा चढायला लागतो. मेकॅनिक म्हणतोय रेडिएटरला हवा देणारा, इंजिनच्या पट्ट्यावरचा फॅन काढ आणि मारुती ८०० चा इलेक्ट्रिक लाव. कोणी केलंय का?

—

मी केलंय, ४ वर्षं झाली. पट्ट्यावरचा फॅन इंजिनच्या स्पीडने फिरतो, म्हणजे गाडी रांगत असते तेव्हाच हवा कमी पडते, आणि हायवेवर समोरून भरपूर हवा येते तेव्हा तो उगाच ताकद खातो. पण पट्टा काढायचा नाही हं, वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो त्यावरच आहेत, फक्त पाती काढायची. जागा असेल तर फॅन रेडिएटरच्या इंजिनकडच्या बाजूला लाव, हवा ओढणारा.

—

दादा, आधी डायनॅमो आहे की त्याच्या जागी येणारा अल्टरनेटर ते बघा. डायनॅमो आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) जवळपास काहीच करंट देत नाही, रात्री हेडलाइट आणि फॅन एकदम चालू म्हणजे बॅटरी बसली. आणि रिले, फ्यूज, थर्मोस्विच (गरम झालं की फॅन आपोआप चालू करणारा) हवाच. नुसतं डॅशबोर्डवर बटण लावलं तर एक दिवस विसराल आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जाईल.

—

फॅनच्या आधी रेडिएटर उघडून बघ रे. माझ्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, नळ्यांमध्ये पांढरा क्षार दगडासारखा बसलेला. साफ करून कूलंट भरलं आणि जुन्याच फॅनवर घाट चढली.

—

उघडला काका, अर्ध्या नळ्या बंद! आधी तोच साफ करतो.