काथ्या, हीर, बोरू आणि स्पंज यांनी केलेले इंकिंग छपाईत टिकवावे कसे?

चिरेबंदी (फोंडा)

नमस्कार. मी एका चोवीस पानी कृष्णधवल चित्रकथेचे इंकिंग, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाईचे काम, करीत आहे. कथा पावसाळ्यातल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) आणि त्याला लागून असलेल्या जुन्या घरात घडते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पानावर चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) भिंती, पोफळीची खोडे, झावळ्या आणि पाऊस आहे. मूळ पाने मी ए३ आकाराच्या आयव्हरी कार्डावर (गुळगुळीत जाड कागदावर) काढतो. छपाई मात्र ए५ आकारात होणार आहे.

आजवर मी जी-निब (दाबानुसार रेष जाड-बारीक करणारी पोलादी निब) आणि तीन नंबरचा ब्रश एवढ्यावरच काम केले. परंतु गोव्यात कुणीही निबेने छायारेषांचे जाळे विणायला घेतले, की पाहणारा लगेच गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचे नाव काढतो, आणि ती तुलना माझ्यासारख्याला परवडणारी नाही. म्हणून या वेळी भिंतींसाठी शाईत बुडवलेला काथ्या व स्पंज, झावळ्यांसाठी माडाचा हीर (पात्याच्या मधली काडी), पावसासाठी जुना टूथब्रश आणि उजेडाच्या तिरिपेसाठी ब्लेडने खरवडणे, असे प्रयोग करून पाहत आहे. कागदावर परिणाम मनासारखा दिसतो, पण लहान आकारात प्रत काढली की भिंतीचा पोत गिचमिड काळा होतो. शिवाय पावसाळ्याच्या या दिवसांत शाई फुटते, ब्लेड लावताच कार्डाचे तंतू उभे राहतात, आणि निबेने काढलेली माणसे व स्पंजाने उमटवलेली भिंत ही दोन निरनिराळ्या हातांची कामे वाटतात. यावर उपाय काय? आणखी एक शंका: बिब्ब्याच्या रसाने चित्र काढणे शक्य आहे का? धोबी पूर्वी कपड्यांवर त्याने खुणा करीत, असे ऐकले आहे.

काळी_शाई (मडगाव)

बिब्ब्याचे आधी सांगतो, कारण तो विषय लवकर संपवलेला बरा. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले आहेत. बिब्ब्याचा रस काय किंवा काजूच्या टरफलातले तेल काय, दोन्ही त्वचेवर फोड आणतात. चुन्याबरोबर तो कपड्यावर पक्का बसतो हे खरे असले, तरी तासन्‌तास कागदावर मनगट टेकून बसणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. दोन हातांची कामे वाटतात, याचे कारण स्पंज हे नसून, तुम्ही स्पंज केवळ पार्श्वभूमीला आणि निब केवळ माणसांना वाटून दिली आहे, हे आहे. अर्जेंटिनाचे अल्बेर्तो ब्रेचा यांची 1962 ते 1964 या काळातली ‘मोर्त सिंडर’ ही चित्रकथा मिळाल्यास अवश्य पाहावी. दाढीचे ब्लेड आणि सायकलच्या हँडलची मूठ अशा वस्तूंनीही त्यांनी शाई लावली, असे सांगितले जाते. पण माझ्या मते शिकण्यासारखी बाब ती मूठ नव्हे. त्यांच्याकडे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि मागची भिंत एकाच खरबरीत काळ्या रंगातून निघाल्यासारख्या दिसतात, आणि म्हणून वाचकाचे लक्ष साधनाकडे न जाता त्या माणसाच्या वयाकडे जाते. तुमच्या कथेतही म्हातारीच्या लुगड्याच्या सावलीत थोडा काथ्या येऊ द्या आणि चिऱ्यांच्या सांध्यांत कुठेकुठे निबेची रेष येऊ द्या.

हिराबद्दल एक सूचना. हीर शाई फार धरत नाही. रेष ओली सुरू होते आणि थोड्याच अंतरात कोरडी पडते. झावळीच्या पात्यांसाठी हा गुणच आहे, मात्र रेष नेहमी देठाकडून टोकाकडे ओढावी, म्हणजे ती आपोआप निमुळती होते. लांब रेषेसाठी बांबूचा किंवा बोरूचा तिरपा कापलेला तुकडा बरा, कारण मध्ये चीर दिल्यास तो शाईचा साठा धरतो आणि हात फिरवताच रेषेची जाडी बदलते. मोडी लिहिणाऱ्यांना हे ठाऊकच होते. काडीने काढणे हा केवळ हौशी प्रयोगही नाही. अमेरिकी व्यंगचित्रकार जूल्स फायफर यांनी आपली कितीतरी व्यंगचित्रे शाईत बुडवलेल्या लाकडी काड्यांनी काढली.

छापखान्याचा_माणूस (पणजी)

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु पोत गिचमिड होण्याचा प्रश्न कलेचा कमी आणि गणिताचा अधिक आहे. ए३ वरून ए५ म्हणजे लांबी-रुंदी निम्मी. मूळ चित्रात दोन ठिपक्यांमध्ये अर्धा मिलिमीटर पांढरी जागा असेल, तर छापताना ती पाव मिलिमीटर उरते, आणि शाई कागदावर थोडी पसरतेच, त्यामुळे तीही आक्रसते. काथ्याचा पोत डोळ्यांना राखाडी दिसतो, पण तो प्रत्यक्षात काळे कण आणि त्यांच्यामधली पांढरी फट यांचा खेळ आहे. फट बुजली की खेळ संपला. म्हणून मूळ पानावर पोत तुम्हाला आवडेल त्यापेक्षा विरळ आणि भरड ठेवावा लागेल. स्पंज शाईत बुडवल्यावर आधी रद्दी कागदावर दोनतीनदा टिपून घ्यावा. जांभ्या दगडाला मुळातच मोठी छिद्रे असतात, तेव्हा बारीक स्पंजाऐवजी भरड काथ्या त्याला अधिक शोभेल.

स्कॅन मूळ आकारात, 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) आणि राखाडी छटांत करावा. त्यानंतर काळे-पांढरे कुठे तोडायचे, म्हणजे किती गडद छटेपासून काळे धरायचे, ती पातळी स्वतः ठरवावी. यंत्रावर सोडल्यास टूथब्रशचे तुषार नाहीसे होतात किंवा कागदाचा खरबरीतपणाही काळा होऊन येतो. एकदा शुद्ध काळे-पांढरे केलेले चित्र पुन्हा लहान करून जतन करू नये. तेच चित्र पानावर निम्म्या आकारात बसवले, की ते आपोआप 1200 डीपीआयचे होते, आणि रेषाचित्राला तेवढे हवेच.

चिरेबंदी (फोंडा)

दोघांचेही आभार. साधने वाटून देण्याची सवय माझ्या लक्षातच आली नव्हती. ओलाव्याचे आणि ब्लेडचे काय करावे? पंखा लावूनही शाई दुपारपर्यंत ओलसर वाटते.

पाणथळ (म्हापसा)

काळी_शाई यांचे एक म्हणणे मला मान्य नाही, ते आधी नोंदवतो. ब्रेचा यांच्या पानांचा आकार आणि त्यांचा हात वेगळा होता. ए५ पुस्तकात चेहरे अंगठ्याच्या नखाएवढे येतील, आणि तिथे काथ्याचा एखादा कण डोळ्याशेजारी पडला, तर पात्राचा भावच बदलेल. चेहरा आणि हातांची बोटे स्वच्छ निबेने काढावीत. साधनांचे मिश्रण कपडे, केस आणि सावल्या यांच्यापुरते असावे. तुषार उडवताना चेहऱ्यांवर कागदाचे कापलेले आच्छादन ठेवावे, आणि जपानी चित्रकारांप्रमाणे टूथब्रश बारीक तारेच्या जाळीवर घासावा, म्हणजे थेंब सारख्या आकाराचे पडतात. बोटाने केस मागे ओढून उडवल्यास मोठे थेंब कुठे पडतील याचा नेम नसतो.

ओलाव्याबद्दल सांगायचे, तर दोष बहुधा शाईचा नाही. कार्डावर सरसाचा किंवा स्टार्चचा जो लेप असतो, तो पावसाळी हवेत ओल धरतो आणि मग शाई तंतूंमधून बाजूला सरकते. कार्डे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावीत आणि एका वेळी एकच बाहेर काढावे. खोलीत वातानुकूलन यंत्र असल्यास ते ड्राय मोडवर चालवावे. हेअर ड्रायर एकाच बाजूने मारला की कार्ड वाकते, आणि वाकलेल्या कार्डावर स्पंज कडेलाच अधिक उमटतो. शाईत पाणी घालणे या चार महिन्यांत पूर्ण बंद करावे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पोलादी निबाही गंजतात, तेव्हा काम संपताच त्या धुऊन, पुसून, कोरड्या डबीत टाकाव्यात. लाखेच्या बंधाची (लाखेने रंग धरून ठेवणारी) शाई ब्रशच्या मुळाशी वाळली तर ब्रश गेलाच म्हणून समजावे; प्रयोगांसाठी महागडा सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश मुळीच वापरू नये.

ब्लेड आयव्हरी कार्डासाठी नाहीच. खरवडण्यासाठी पांढऱ्या मातीचा थर दिलेला स्क्रॅपरबोर्ड असतो. त्यावर शाई लावून खरवडली की खालचा पांढरा थर स्वच्छ उघडतो. पूर्ण पाने त्यावर काढणे खर्चिक होईल, म्हणून उजेडाची तिरीप असलेल्या चौकटीच तेवढ्या वेगळ्या काढून स्कॅनमध्ये जोडाव्यात. अगदी कार्डावरच हवे असेल, तर काळा भाग भरण्याआधी तिथे मेणबत्ती घासावी. मेणावर शाई तुटक बसते आणि पावसात भिजलेल्या भिंतीवर उजेड पडल्यासारखे दिसते. मेण नंतर निघत नाही, त्यामुळे त्या जागी पुन्हा रेष ओढता येणार नाही, हे आधीच ठरवून घ्यावे.

छापखान्याचा_माणूस (पणजी)

पाणथळ यांच्या मेणाच्या सूचनेत एक भर घालतो. मेणावर शाईचा थर पातळ बसतो आणि स्कॅनमध्ये तो काळा न येता राखाडी येतो. अशा चौकटीसाठी काळ्या-पांढऱ्याची पातळी वेगळी ठरवावी लागेल. सगळ्या पानाला एकच पातळी लावू नये. सगळी चोवीस पाने शाईत नेण्याआधी भिंत, झावळ्या, तुषार आणि एक चेहरा असलेले एकच पान पूर्ण करून, पुस्तकासाठी ठरलेल्या कागदावरच छापखान्याकडून ए५ नमुना काढून घ्या. घरच्या इंकजेटवरच्या प्रतीवरून छापखान्यातल्या ऑफसेट छपाईचा अंदाज बांधता येत नाही.