मदत हवी आहे: पायसाइड६ की डब्ल्यूएक्सपायथन (दोन्ही पायथनमध्ये ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररी)?

विंडोज, मॅक आणि उबंटूवर चालणारं ऑफलाइन ॲप पायथनमध्ये करायचंय. मुख्य स्क्रीनवर दोनेक लाख ओळींचं टेबल, मजकूर मराठी. सोर्स बंदच ठेवायचाय. काही मशीनवर रॅम ४ जीबीच, त्यामुळे इलेक्ट्रॉन (आत अख्खा ब्राउझर घेऊन चालणारं, रॅम खाणारं) सुचवू नका.

टीकिंटर (पायथनसोबतच येणारी तशीच लायब्ररी) बाद झालं. त्याच्या टेबलात (ट्रीव्ह्यू) सगळ्या ओळी आधीच भराव्या लागतात, शिवाय लिनक्सवर त्यामागचं टीके ८.६ देवनागरी जुळवत नाही: 'कि'ची वेलांटी क च्या उजवीकडे जाते, रफार सुटा पडतो.

पायसाइड६ मध्ये क्यूटेबलव्ह्यूला (टेबल दाखवणारा घटक) स्वतःचं मॉडेल (डेटा पुरवणारा कोड) जोडलं. दिसणाऱ्या ओळींपुरताच डेटा मागितला जातो, स्क्रोल अगदी सुरळीत. फक्त कॉलमची रुंदी मजकुरानुसार आपोआप ठरवणं बंद ठेवावं लागतं. आकार आटोक्यात राहावा म्हणून इसेन्शियल्सचंच (फक्त मूळ भागांचं) पॅकेज घेतलंय. पायक्यूट (पायसाइडसारखंच क्यूटी लायब्ररीवर बेतलेलं) जीपीएल परवान्यामुळे नको, त्यात सोर्स खुला करावा लागतो.

डब्ल्यूएक्सची व्हर्च्युअल लिस्टही (तीही दिसणाऱ्या ओळीच मागते) चांगली आहे, पण लिनक्सवर पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) घेतलं तर बहुधा सोर्समधून बिल्ड करावं लागतं.

मन पायसाइडकडे झुकतंय, अडलंय त्याच्या एलजीपीएल परवान्यापाशी: वापरणाऱ्याला क्यूटीच्या लायब्ररी बदलता आल्या पाहिजेत, ही त्याची अट. पायइन्स्टॉलरच्या (पायथन ॲप पॅक करणारं साधन) फोल्डर बिल्डमध्ये क्यूटीच्या लायब्ररी सुट्या राहतात, वापरणाऱ्याला बदलता येतात. मॅकवर मात्र लायब्ररी बदलली की ॲपची सही मोडते. सही केलेलं, नोटराइज केलेलं (ॲपलकडून तपासून घेतलेलं) बंद सोर्सचं ॲप देताना ही अट तुम्ही नेमकी कशी पाळता?