मदत हवी आहे : खात्रीचे संदर्भ कुठे मिळतील?

घाईत_आहे :
लेख परत आला. संपादकांचा शेरा एवढाच की "संदर्भ विश्वासार्ह नाहीत". सगळीकडे दुवे दिले होते, त्यातला एक तर थेट 'लॅन्सेट'चा. आणखी काय हवं असतं? उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय. चांगल्या संकेतस्थळांची यादी टाका ना कुणीतरी.

पानकिडा :
विषय काय? इतिहासाला लागतात ते स्रोत औषधांना चालत नाहीत.

तिरकस :
विकिपीडिया! लोक उगाच नाकं मुरडतात.

पानकिडा :
तिथेच थांबणाऱ्यांना बघून मुरडतात. तळाचे संदर्भ उघडा, वाचा, आणि दाखला त्यांचा द्या.

तिरकस :
म्हणजे वापरला विकिपीडियाच ना शेवटी :)

रिकामटेकडा :
झोटेरो घ्या. फुकट आहे, संदर्भसूची आपोआप तयार होते. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

घाईत_आहे :
स्वल्पविरामांची तक्रार नाहीये हो! विषय लसी आणि स्वमग्नता (ऑटिझम).

पानकिडा :
तुमचा तो 'लॅन्सेट'चा दुवा १९९८ चा, लस आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणाऱ्या वेकफील्ड यांच्या निबंधाचा तर नाही?

घाईत_आहे :
तोच. का? नामांकित नियतकालिक आहे.

पानकिडा :
आहेच, आणि त्यांनीच तो शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला. पीडीएफ उघडून बघा, पानावर लाल अक्षरांत 'रिट्रॅक्टेड' असं आडवं छापलंय. मुळात त्यात मुलं होती १२. त्याउलट २०१९ चा डेन्मार्कचा अभ्यास साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत, सारांश मिळेल.

समई :
पबमेडवर दिसलं म्हणजे खरं, असं मात्र धरू नका. ती सूची आहे, मागे घेतलेले निबंधही तिथे असतात. मी आधी कॉक्रेनचे आढावे बघते. एकाच प्रश्नावरचे अभ्यास गोळा करून, पारखून मांडलेले असतात.

तिरकस :
एवढा कुटाणा कशाला? चॅटबॉट सेकंदात संदर्भ देतो.

समई :
देतो की, अस्तित्वात नसलेलेही देतो. नाव खरं, नियतकालिक खरं, निबंध गायब. डीओआय, म्हणजे निबंधाचा ओळख क्रमांक, टाकून बघा, उघडतो का ते.

रिकामटेकडा :
झोटेरोला डीओआय दिला की बाकीची माहिती तो स्वतःच भरतो. +१

घाईत_आहे :
पण माझा अख्खा लेखच त्या १९९८ च्या निबंधावर उभा आहे. त्याच बाजूचा दुसरा एखादा विश्वासार्ह संदर्भ असेलच ना? मी यादी मागितली होती.

पानकिडा :
मुदत वाढवून मागा.