अदिबाच्या निकालाने वस्तीत काय बदलते?

कोंढव्याचा शिक्षक:
‘एक मुलगी अधिकारी झाली म्हणून समाजाचे भले होत नाही, हारतुरे आवरा,’ असे काल येथे लिहिले गेले आणि ते वाचून रात्रभर चैन पडले नाही. यवतमाळच्या रिक्षाचालकाची मुलगी अदिबा अनम २०२४ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १४२ वी आली, तेव्हा माझ्या शिकवणीतल्या नववीच्या एका मुलीने वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. दहावीनंतर तिला शिवणकामाला बसवायचे घरी ठरले होते. आता तिचे वडीलच अकरावीच्या प्रवेशाची चौकशी करतात.

हारतुऱ्यांचा टीकाकार:
फोटोने फी भरली जात नाही. २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या मुसलमानांचा भारतीय प्रशासकीय सेवेतला वाटा मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी सच्चर समितीने २००६ मध्ये ३ टक्के सांगितला होता, आणि अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. अदिबाही एकटीच्या जिद्दीवर पोहोचलेली नाही. दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठाच्या निवासी प्रशिक्षण केंद्राने तिला आधार दिला. अशी केंद्रे वाढवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जालनेकर:
केंद्र मिळाले तरी राहायचे कुठे? आमच्या शेलगावचा अन्सार शेख, तोही रिक्षाचालकाचाच मुलगा, २०१५ च्या परीक्षेत एकविसाव्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात ३६१ वा आला. पण पुण्यात खोली मिळावी म्हणून त्याला ‘शुभम’ हे नाव सांगावे लागले होते. मी स्वतः पुण्यात अकरा खोल्या पाहिल्या. एका ठिकाणी भाडे ठरले, अनामत रक्कम मोजून झाली, आणि आधार कार्डावरचे नाव वाचताच दलालाने किल्ली परत खिशात टाकली.

सदाशिव पेठेतील घरमालक:
प्रत्येक वेळी घरमालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता? माझ्या आईने १९९४ मध्ये नगरच्या एका मुसलमान विद्यार्थ्याला खोली दिली होती आणि तो आजही ईदला शीरखुर्मा घेऊन येतो. आम्हाला सरसकट दूषणे देणे मला मान्य नाही.

जालनेकर:
तुमच्या आईंना माझा सलाम. पण त्या एका खोलीच्या आठवणीने माझ्या अकरा नकारांची भरपाई होत नाही. परीक्षेच्या तोंडावर ज्याला दर महिन्याला बिऱ्हाड हलवावे लागते, त्याला धीर धरायला सांगणे सोपे आहे. तुम्ही स्वतः गेल्या दहा वर्षांत कोणाला खोली दिली, ते सांगा.

सदाशिव पेठेतील घरमालक:
नाही दिली. सोसायटीत वाद नको म्हणून नाही दिली. हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

हारतुऱ्यांचा टीकाकार:
चर्चा खोल्यांवर गेली, तरी मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. फोटोमुळे एका बापाचे मन वळले असेल, तर तेवढ्यापुरते माझे शब्द मागे घेतो. पण त्या मुलीच्या अकरावीच्या खर्चाचे काय?

कोंढव्याचा शिक्षक:
पहिल्या वर्षाची पुस्तके मी घेणार आहे. प्रवासखर्चाची सोय अजून व्हायची आहे.

हारतुऱ्यांचा टीकाकार:
बसच्या पासाचे पैसे माझ्याकडून घ्या. हार मात्र आणू नका.