मदत हवी आहे: चवथीसाठी ज्येष्ठांकडून कागदी शेवंती करून घेतोय, फुलं दुसऱ्या दिवशी मान टाकतात

फोंडेकर_शु
आमच्या ज्येष्ठांच्या केंद्रात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) मखरासाठी कागदी शेवंती करायला घेतली आहे. करताना फूल छान दिसतं. दुसऱ्या दिवशी पाकळ्या मान टाकतात आणि पिवळा रंग टेबलक्लॉथला, सगळ्यांच्या बोटांना लागतो. व्हिडिओत दाखवतात अगदी तसंच करतोय. शनिवारी परत बसायचं आहे, तोवर उपाय हवा. "बाजारातून तयार आणा" असं कृपया कुणी सांगू नका.

कातरकाम
कागद कुठला? क्रेप (सुरकुत्यांचा, ताणला जाणारा), पतंगी की ड्युप्लेक्स (दोन थर चिकटवलेला क्रेप)? गोंद कुठला? पट्टी कुठल्या दिशेने कापता? फूल झाल्यावर ठेवता कुठे? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाजच ठरेल.

रंगीत_फोम
कागद सोडा. पावसाळ्यात गोव्यात कागदाचं काम करूच नये. दोन मिलिमीटरची ईव्हीए फोम शीट आणा, पाकळी कापा, इस्त्रीवर तीन-चार सेकंद धरा, आपोआप वळते. रंग जात नाही, ओल लागत नाही, दरवर्षी तीच फुलं वापरता येतात.

फोंडेकर_शु
क्रेपच, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो. गोंद पांढरा. पट्टी ५० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद, झालर कापून गुंडाळतो. दिशेचा काय संबंध? कागद तर दोन्हीकडून सारखाच असतो.

कातरकाम
सारखा नसतो, आणि अर्धं दुखणं तिथेच आहे. क्रेपची घडी साधारण ५० सेंमी रुंद आणि अडीच मीटर लांब असते. सुरकुत्या ५० सेंमीच्या बाजूला समांतर धावतात आणि कागद ताणला जातो तो लांबीकडे. तुम्ही घडी उलगडून ५० सेंमीच्या बाजूने पट्टी कापत असणार, कारण आयती हवी तेवढी लांबी मिळते. पण त्यामुळे सुरकुत्या झालरीला आडव्या येतात. अशी पाकळी उभी राहूच शकत नाही, हवेतली ओल लागली की लांबते आणि वाकते.

घडी उलगडू नका. तशाच घडीच्या ५० सेंमीच्या बाजूच्या एका टोकाकडून ६ सेंमीचा तुकडा सरळ आडवा कापा आणि मग तो उलगडा. अडीच मीटरची पट्टी मिळेल, सुरकुत्या तिच्या रुंदीत, म्हणजे पाकळीत देठापासून टोकापर्यंत उभ्या. तिचे पाच तुकडे केले की पाच फुलं. इतके थर एकदम कापायला जोर लागतो, म्हणून हे काम ज्येष्ठांना न देता आदल्या दिवशी तुम्हीच करून ठेवा.

हातउपचार
फुलं करणाऱ्यांबद्दल काहीच लिहिलं नाही. किती जण आहेत? बोटं आखडलेली, हात थरथरणारे, मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेली अशी मंडळी आहेत का? कुणाला विस्मरणाचा त्रास? त्यावर पद्धत ठरते.

फोंडेकर_शु
प्रश्न फुलं टिकत नाहीत हा आहे. बाकी सगळे उत्साहाने करतात. १४ जण, ६८ ते ८६ वयाचे. चार-पाच जणांची बोटं आखडलेली, मधुमेह बऱ्याच जणांना, एका आजोबांना विसरायला होतं.

सांखळीची_मावशी
अगो बाय, क्रेपचा रंग कच्चा असतो. ओल्या कापसाचा बोळा कागदावर दहा सेकंद दाबून बघ, पिवळा झाला तर तो कागद बोटांना लागणारच. पांढऱ्या गोंदात बरंच पाणी असतं, त्यानेच रंग सुटतो आणि सुरकुत्याही सपाट होतात. फुलाच्या बुडाला गोंद लावूच नको. गुंडाळत आणलं की लोकरीच्या धाग्याचे तीन वेढे आणि गाठ. पक्कं बसतं.

म्हापशेंकार
ग्लू गन! दोन मिनिटांत फूल तयार, पाण्याचा थेंब नाही. एवढी चर्चा कशाला?

हातउपचार
@म्हापशेंकार, संवेदना कमी झालेल्या बोटाला चटका बसलेला कळत नाही, आणि या वयात कातडी पातळ असते, जखम लवकर भरत नाही. गन वापरायचीच तर वेगळ्या टेबलावर, एका स्वयंसेवकाच्या हातात, कमी तापमानाची. @रंगीत_फोम, इस्त्रीचंही तेच.

रंगीत_फोम
इस्त्री स्वयंसेवकाने धरायची, ज्येष्ठांनी फक्त कापायचं. फोम कापायला क्रेपपेक्षा सोपा, हातात चुरगळत नाही. थरथरत्या हाताला तेच बरं.

कातरकाम
कापायला सोपा हे मान्य. पण पाकळी वळवणं, पसरवणं, फूल हातात उमलताना बघणं, यातच तर सगळी गंमत आहे आणि बोटांना व्यायामही तिथेच. ते स्वयंसेवकाने केलं तर ज्येष्ठांकडे उरतं काय? शिवाय फोम म्हणजे प्लास्टिकच. मखर सुटल्यावर तो कुठे टाकणार?

निसर्गवेडा
खरी शेवंती किंवा अबोली टिकवायची असेल तर फाती (ओवलेल्या फुलांच्या माळा) ओल्या केळीच्या पानात गुंडाळा, वर ओलं सुती फडकं, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की काळी पडते. दुसरं म्हणजे माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायच्या चौकटीत, कागदी फूल अजिबात नको. तिथे कांगलां, घागऱ्यो, तोरिंग, सुपारीचा घड, आंबाडे हेच शोभतं. माटोळी म्हणजे रानातली आणि परसातली संपत्ती.

फोंडेकर_शु
खऱ्या फुलांबद्दल विचारलेलं नाही, आणि माटोळीला काही लावणार नाही, मखराला लावणार. कातरकाम, दिशा तुम्ही म्हणता तशीच निघाली, सुरकुत्या झालरीला आडव्या आहेत. पण रंगाचं काय? आणि फुलं झाली की गाडी येते म्हणून लगेच पिशवीत भरावी लागतात, त्याने काही बिघडतं का?

कातरकाम
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ओला गोंद असलेलं फूल प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं की पाण्याची वाफ आतच राहते. श्रावण-भाद्रपदात इथल्या हवेत आधीच ८५-९० टक्के आर्द्रता, त्यात ही पिशवी. पाकळी मऊ पडते, रंग शेजारच्या फुलाला लागतो, चार दिवसांनी बुरशीही येते. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला वर्तमानपत्र, फुलं एका थरात उभी. खोक्याचं झाकण रात्रभर उघडं.

रंगासाठी पिवळा क्रेप बदलून ड्युप्लेक्स घ्या. ड्युप्लेक्स जाड आणि दोन्ही बाजूंनी रंगीत, त्यामुळे झालर ताठ राहते. पण एका वेळी एकच थर कापायचा. थर वाढवले की आखडलेल्या बोटांची कात्री अडकते. बोळ्याची परीक्षा प्रत्येक नव्या रंगाला करा, लाल आणि जांभळा जास्त सुटतात.

म्हापशेंकार
वरून ॲक्रिलिक लॅकरचा स्प्रे मारा, ओलीचा प्रश्नच मिटला.

सांखळीची_मावशी
पावसाच्या दिवशी स्प्रे मारला तर फुलावर पांढरट साय येते. लॅकर सुकताना गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं. ऊन पडलं तरच, बाहेर अंगणात, एका हातभर अंतरावरून, दोन पातळ हात. दम्याचं माणूस आसपास नको. आणि हे फूल समईपासून लांब ठेव, स्प्रे मारलेला कागद भुर्रकन पेटतो. मेणात बुडवलेल्या फुलाचंही तेच.

हातउपचार
१४ जणांसाठी अशी विभागणी करा. आखडलेल्या बोटांना झालर कापणं सोपं करायचं तर पट्टीच्या खालच्या २ सेंमीवर जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवून दोन्ही टोकांना कागदाच्या क्लिपा लावा. कात्री पुठ्ठ्याला टेकली की थांबते, पट्टी आरपार कापली जात नाही. झालर ३ मिलिमीटरची धरू नका, ६ ते ८ ची चालते. पाकळ्या थोड्या रुंद दिसतील एवढंच. कात्री स्प्रिंगची, आपोआप उघडणारी घ्या, नाहीतर मुठीला फोमची नळी चढवा. पिवळ्या कागदाखाली गडद निळं किंवा काळं कापड पसरा, कमी दिसणाऱ्यांना कागदाची कड ठळक दिसते. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ती हरवते.

विसरणाऱ्या आजोबांना अख्खं फूल सांगू नका. एकच काम द्या: तयार पट्टी काडीभोवती गुंडाळणं. शेजारी एक अर्धं गुंडाळलेलं फूल नमुन्याला ठेवा. मणी, टिकल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यांच्या हाताशी नकोत, तोंडात जाऊ शकतात. ३०-४० मिनिटांनी थांबा, बोटं मोकळी करा.

सांखळीची_मावशी
काडी म्हणून तार नको. तारेचं टोक बोटात रुततं, आणि फुलांचा टेपही ताणल्याशिवाय चिकटत नाही, ते आखडलेल्या बोटांना जमत नाही. माडाच्या झावळीचा सुका हीर घे, जाड टोकाकडचा, १५ सेंमी. हिरवा असेल तर आधी चार दिवस वाळव, ओला हीर बुरशी आणतो.

निसर्गवेडा
फूल हंगामाप्रमाणे बदला. दसऱ्याला झेंडू: पतंगी कागदाचे ८ थर, १२ बाय १६ सेंमी, दीड सेंमीच्या चुण्या घालून मधे शेनील वायर (मऊ, लोकरी आवरणाची तार), दोन्ही टोकं गोल कापा आणि थर एकेक करून वर ओढा. वायर फार आवळली तर थर ओढताना कागद मधेच फाटतो. डिसेंबरात पॉइन्सेटिया, मार्च-एप्रिलला सुरंगी. अबोलीची पाकळी फार बारीक, ती तिप्पट मोठी केली तरच जमेल.

फोंडेकर_शु
झेंडू सोपा वाटतोय, दसऱ्याला तोच धरेन. शनिवारसाठी ड्युप्लेक्स, लोकर, हीर, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, खोकी. शिल्लक फुलं चवथीपर्यंत कशात ठेवू? सिलिका जेल किती घालायचं?

कातरकाम
घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालेल, पण फुलं पूर्ण सुकल्यावरच, म्हणजे खोक्यात एक रात्र काढल्यावर. १० लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम जेल, सुती कापडात बांधून तळाला, फुलांना टेकू न देता. नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळलेलं बरं. रंग उतरून हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, परत नारिंगी होतं. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसात ती भिंत ओल धरते.