कारवानी कुत्रीला लांब दोरावर परत यायला शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

अबोली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे अकरा महिन्यांची कारवानी मादी आहे, बिजली. कारवानी म्हणजे शिकारी कुत्र्याची जात, तिलाच मुधोळ म्हणतात. मिस्टरांच्या मामांनी मंगळवेढ्याहून आणून दिली. घरात, अंगणात, गच्चीवर एका हाकेत येते. गेटबाहेर माळावर गेलो की मी तिची कुणीच लागत नाही.

आम्ही बार्शी रोडला, जिथे सोलापूर संपतं तिथे राहतो. मागे रान आहे, त्यापलीकडे पडीक माळ. मध्यंतरी गळपट्ट्यातून मान काढून ती सशामागे गेली. आम्ही गाडीवर, चालत, हाका मारत हिंडलो. रात्री स्वतःच घरी आली, पायांच्या गाद्या सोललेल्या होत्या. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, साखळीला बांध. मला ते बघवत नाही. हिचा जन्मच पळण्यासाठी आहे.

दुसरी काळजी मेंढरांची. ज्वारी निघाली की आमच्या मागच्या रानात धनगरांचे कळप बसतात. तिने एखादं कोकरू धरलं तर त्या माणसाला तोंड कसं दाखवू?

लांब दोरावर सराव करून कुत्रं हाकेला यायला शिकतं असं वाचलं, म्हणून पंधरा मीटरचा नायलॉनचा दोर आणलाय. तो गळपट्ट्याला लावायचा की छातीभोवतीच्या हार्नेसला? हाक मारूनही आली नाही तर ओढून आणायची का? आणि दोर सुटतो कधी? कारवानी पाळलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

निंबोणी

आमचा लॅब्रेडॉर आहे, त्यामुळे कारवानीबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पण नायलॉनचा दोर आधी बदला. हातातून सरकला की तळहात भाजून निघतो. सुती जाड दोर घ्या किंवा बायोथेनचा, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या पट्टीचा, तो पुसला की स्वच्छ. आणि हातमोजे घाला, बागकामाचे साधे चालतात. गुंडाळीचा आपोआप लांबणारा पट्टा मिळतो ना, तो या कामाला घेऊ नका. त्याला सतत ताण असतो, म्हणजे कुत्रं जेवढं ओढेल तेवढी जागा मिळते हेच शिकतं.

जतकर

अबोलीताई, आमच्या घरात आजोबांपासून कारवानी आहेत. आमच्याकडे जत भागात या कुत्र्याला घरचं माणूस समजतात, म्हणून तुमचं पत्र वाचून राहवलं नाही. सविस्तर लिहितो.

आधी गळ्याचं. कारवानीचं डोकं निमुळतं आणि मान जवळजवळ तेवढीच रुंद. साधा गळपट्टा कितीही आवळा, ती मागे सरकून मान काढणारच. रोज फिरायला मार्टिंगेल जातीचा गळपट्टा घ्या, ओढ बसली की तो थोडाच आवळतो आणि निसटत नाही. लांब दोर मात्र कधीही गळ्याला लावायचा नाही. ही जनावरं तासाला चाळीस किलोमीटरच्या आसपास वेग सहज घेतात. म्हणजे दहा मीटरचा दोर सेकंदभरात संपतो, आणि तो झटका मानेवर बसला तर मणक्याला इजा होते. हार्नेसच घ्या, कडी पाठीवर असलेला. त्यातही छाती खोल आणि कंबर बारीक असल्याने नेहमीच्या हार्नेसमधून ती मागच्या मागे बाहेर येते. बरगड्या संपतात तिथे, कमरेच्या अलीकडे, आणखी एक पट्टा असलेला बघा. तयार मिळाला नाही तर दप्तरं-बॅगा शिवणाऱ्याकडून पट्टा वाढवून घ्या.

दोर दहा मीटर पुरे. पंधरा सांभाळता येत नाही आणि झटका जास्त बसतो. बाजारात बैलांचा सुती कासरा मिळतो, बोटाएवढा जाड, तोही चालतो, फक्त हूक चांगला पितळी लावा. शेवटच्या टोकाला हातात धरायची फास असते ती कापून टाका, नाहीतर बाभळीच्या बुंध्यात नाहीतर दगडात अडकते. त्याऐवजी दर दोन मीटरवर एक गाठ मारा. दोर सुटलाच तर बुटाखाली गाठ अडते. हाताला वेढे द्यायचे नाहीत, बोटाला तर नाहीच.

आता मूळ मुद्दा. दोर ओढायला नसतो. विहिरीतून बादली शेंदल्यासारखी तिला शेंदलीत तर ती एवढंच शिकेल की दोर आहे तोवर यावं लागतं. दोराचं काम एकच: हाक ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर त्यातून तिला काही मिळू द्यायचं नाही. ससा मिळणार नाही, वास मिळणार नाही, पुढे जायला मिळणार नाही. आली तर सगळं मिळेल. हे ज्या दिवशी तिच्या डोक्यात बसेल त्या दिवशी काम झालं.

करायचं असं. तुमची जुनी हाक सोडून द्या. ससा पळताना, तुम्ही घाबरलेल्या असताना ती हाक इतक्यांदा हवेत गेलीय की तिच्या लेखी तो नुसता आवाज आहे. शिट्टी घ्या. शिट्टीत राग नसतो, भीती नसते, घरातल्या कुणीही वाजवली तरी तीच. पहिला आठवडा-दोन आठवडे घरातच: शिट्टी दोनदा आखूड, लगेच तोंडात कलेजीचा तुकडा. ती काही करो न करो. शिट्टी ऐकली की मान गर्रकन वळायला लागली की अंगणात, मग गल्लीत, मग दोर लावून रानात.

रानात शिट्टी एकदाच. आली नाही तर दुसऱ्यांदा वाजवू नका, ओरडू नका. दोर हलकेच अडवा आणि थांबा. ती पुढे जाऊ शकत नाही, तुम्ही काही बोलत नाही. कंटाळून एकदा मागे बघेल. त्या क्षणी तुम्ही उलट दिशेने पळत सुटा. खरंच पळा! कारवानीला पळणारी गोष्ट दिसली की तिच्यामागे जायचंच असतं, आणि आता पळणारी गोष्ट म्हणजे तुम्ही. जवळ आली की कलेजी, पाठीवर हात, आणि लगेच "जा" म्हणून परत सोडा. हे परत सोडणं विसरू नका. आलं की फिरणं संपतं, घरी जावं लागतं, असं एकदा कळलं की ती शहाणी कुत्री येणारच नाही.

बक्षिसाबद्दल आणखी एक. माळावर सशाच्या वासापुढे बिस्किटाला किंमत नाही. कारवानीला खाण्यापेक्षा पाठलाग प्यारा, मग पाठलागच बक्षीस द्या. वेताची लांब काठी, तिला दोन मीटर दोरी, दोरीला जुन्या चादरीचं फडकं. शिट्टी वाजली, ती आली, की फडकं जमिनीवरून सरसर फिरवा. चार-पाच झेपा घेऊ द्या, शेवटी पकडू द्या, पकडल्यावर कलेजी देऊन सोडवून घ्या. अकरा महिन्यांची आहे, हाडं अजून पक्की व्हायचीत, म्हणून फडकं उंच उडवू नका, जागच्या जागी गरगर वळवू नका. सरळ लांब रेषेत फिरवा. आमची तांबडी कुत्री या फडक्यासाठी अर्धं जेवण टाकून येते.

आणि शिट्टी कधी वाजवायची तेही शिका. कारवानी धावत सुटली की तिला कान नसतात, तेव्हा वाजवलेली शिट्टी वाया जाते. त्याच्या आधी एक क्षण असतो. तोंड मिटतं, कान मुळातून वर येतात, शेपटी पाठीच्या रेषेत स्थिर होते, आणि पुढचा एक पाय जमिनीपासून थोडा उचलला जातो. तोच तुमचा क्षण. तेव्हा शिट्टी गेली तर ती ऐकते. पहिल्यांदा ती फक्त कान मागे टाकेल, पाय खाली ठेवेल. तेवढ्यालाही मोठं बक्षीस द्या. मला आजही तो उचललेला पाय खाली येताना दिसला की छाती भरून येते, कारण त्या जनावराने रक्तातली गोष्ट बाजूला ठेवून माझं ऐकलेलं असतं.

मेंढरांचं म्हणाल तर दोराशिवाय कळपाच्या जवळ नाही. आधी मेंढक्याला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. त्याची कुत्री कुठे आहेत तेही विचारा. मग एवढ्या लांब उभं राहा की ती कळप बघते पण शिट्टीला वळते. वळत नसेल तर अंतर कमी आहे, मागे सरका. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करायचं. एक मेंढरू गेलं तर त्या घराचा किती पैसा जातो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून इथे धाडस करायचं नाही.

दोर कधी सुटतो? आधी हातातून सुटतो, मग मागे फरफटत राहतो, मग हलका पाच मीटरचा, मग दोन. वर्ष जाऊ शकतं. काही कारवानी उघड्या माळावर जन्मभर दोरावरच राहतात आणि त्यात काही कमीपणा नाही. पोटभर पळण्यासाठी बंदिस्त जागा शोधा. ओळखीच्या कुणाचं बॉक्स क्रिकेटचं जाळीचं मैदान असेल तर पहाटे ते रिकामंच असतं, विचारून बघा.

रांगडा

एवढं कशाला? कारवानी शिकारीचं कुत्रं आहे, ते कुणाच्या शिट्टीला येत नाही. आमच्याकडे दोन दणके दिले की येतात. नाहीतर बांधून ठेवायचं.

जतकर

दादा, दणका खाऊन आलेलं कुत्रं पुढच्या वेळी दोन हात लांब थांबतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आलं म्हणून मार बसला हेच त्याच्या लक्षात राहतं. आणि शिकत नाही म्हणाल तर २०१६ साली हीच मुधोळची पिल्लं मेरठला लष्कराच्या आरव्हीसी (लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या) केंद्रात शिकायला नेली होती. शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारणं हा गुन्हा आहे, कुत्र्याकरवी मारला तरी. हा काळ वेगळा आहे, त्यात या कुत्र्याला आपल्याबरोबर जगवायचं असेल तर शिकवायलाच लागेल.

गुरांचा_डॉक्टर

वरचं सगळं बरोबर. माझ्या कामातलं थोडं घालतो. ताई, तुम्ही बार्शी रोडला म्हणालात, म्हणजे नान्नजचं माळढोक अभयारण्य त्याच रस्त्याला. त्या बाजूच्या गवताळ माळांवर सराव करू नका, दोर असला तरी. तिथे काळवीट आहेत, आणि टिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. दहा मीटरचा दोर गवतातून फिरला तर घरटं कधी गेलं ते कळणारही नाही. कुत्र्यांकडून रानातल्या लांडग्या-कोल्ह्यांना डिस्टेंपर हा जीवघेणा रोग होतो, तेव्हा बिजलीची लस पूर्ण झालीय ना हेही बघा. नांगरलेलं रान किंवा कापणी झालेलं शेत सरावाला सगळ्यात चांगलं.

पावसाळा संपला की गवताला कुसळं येतात. फिरून आलं की पायाच्या बोटांमधे आणि कानात बघा. एक कुसळ आत शिरलं की पू होऊन फाडावं लागतं. सुती दोर कुसळं गोळा करतो आणि तीच हाताला लागतात, त्या दिवसांत बायोथेन बरा. गोचिडांसाठी महिन्याचं औषध चुकवू नका. आणि फेब्रुवारीनंतर ऊन चढायच्या आत, पहाटेच सराव. कारवानी उन्हातही थांबत नाही, थांबवायला आपणच लागतो.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. जतकर काका, तुम्ही तो उचललेल्या पायाचा क्षण लिहिलात आणि दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या खारीसमोर मला तो जसाच्या तसा दिसला. आजपर्यंत रोज समोर होता, माझं लक्षच नव्हतं.

शिट्टी घरात चालू केली, मान वळते. सुती कासरा आणला, गाठी मारल्या. नान्नजच्या बाजूला जाणार नाही. लस पूर्ण आहे. एक अडचण आहे. रानात दोरावर बोलावली तर येते, पण हातभर अंतरावर येऊन गिरकी घेते आणि निघून जाते. हात पुढे केला की मागे. काय करू?

जतकर

हे जवळपास सगळ्या कारवानी करतात. हात पुढे आला की पकडतात, हे तिला माहीत आहे. तेव्हा हात पुढे करूच नका. कलेजीचा तुकडा तुमच्या दोन पावलांच्या मधे जमिनीवर टाका, तिला अगदी पायाशी येऊन खाऊ द्या. खाताना हाताने हार्नेसला नुसता स्पर्श, लगेच दुसरा तुकडा, आणि "जा". पकडायचं नाही. काही दिवसांनी स्पर्शाऐवजी पट्टा दोन क्षण धरायचा, तुकडा, सोडायचं. पट्ट्याला हात लागणं म्हणजे खाऊ, असं झालं की ती स्वतःच छाती पुढे करून उभी राहील. हे जेवणाच्या वेळी घरातही करा, पटकन होतं. अंगावर वाकू नका, बाजूला तोंड करून बसा. समोरून वाकलेलं माणूस या जातीला आवडत नाही.

आणि घरी न्यायच्या वेळी दोर लहान करून लगेच गेटकडे वळू नका. पट्टा धरून थोडं रानातच हिंडा, फडकं खेळवा, मग जा.

हार्नेसचं काय झालं ते लिहिलं नाहीत. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे मोजा, कमरेचा घेर बरगड्या संपतात तिथे, आणि या दोन मापांमधलं पाठीवरचं अंतर. तिन्ही आकडे इथे टाका. आमच्या इथला बॅगवाला शिवून देतो, मापं बरोबर असली तर एकदाच शिवावं लागेल.