मदत हवी आहे: सांगली ते सातारा, पॅसेंजरने सायकल न्यायची आहे

मंडळी, दिवाळीनंतर सातारा – मेढा – महाबळेश्वर – आंबेनळी घाट – पोलादपूर असा सायकलने जायचा बेत आहे. पेठनाका ते सातारा हायवेवर ट्रकच्या कडेकडेने दामटायची हौस आता राहिली नाही, म्हणून तेवढा टप्पा रेल्वेने. एसटीचा विचार केला होता, पण बऱ्याच गाड्यांना टपावर कॅरियरच नसतो.

सायकल १४ किलो, दोन्ही पॅनियर (चाकाच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) मिळून १० किलो. सेकंड क्लासला ३५ किलो सामान फुकट नेता येतं ना? मग चाकं काढून, चादरीत गुंडाळून डब्यातच घेतली तर चालेल का? लगेजला द्यायची भीती वाटते. मागे एकदा दिली होती, तर उतरवताना वर कुणाची तरी पेटी, आणि गिअरचा हँगर (मागचा गिअर ज्याला लटकतो ती पट्टी) वाकलेला. पुढचे दोन दिवस एकाच गिअरवर काढले.

दुसरं, सांगलीला गाडी जेमतेम थांबते. मिरजेहून चढवू का?

गोणपाट: ३५ किलोची सवलत सायकलला लागू नाही, तिचं वेगळं भाडं पडतं. डब्यातल्या सामानाला मापही आहे, १०० × ६० × २५ सेंमी. तुमचं नुसतं चाकच टायरसकट ७० च्या घरात जाईल. एखादा टीसी सोडेलही, पण त्या भरवशावर घर सोडू नका.

स्वतःचं तिकीट दाखवून ‘लगेज’ म्हणूनच बुक करा. ‘पार्सल’ म्हणालात तर तुम्ही साताऱ्यात आणि सायकल मिरजेत. गाडीच्या किमान अर्धा तास आधी पोचायचं, सायकलवर नाव-पत्ता आणि कुठून कुठे ते ठळक लिहायचं. पण आदल्या दिवशी जाऊन विचाराच: या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) लगेज घेतात का, आणि साताऱ्याला उतरवतात का? मिरजेहून चढवणं बरं, तिथे गाडी जास्त थांबते.

उलटा पेडल: हँगरसाठी एक युक्ती. मागची साखळी सगळ्यात मोठ्या चक्रावर आणून ठेवा, म्हणजे डिरेल्यर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आत सरकतो, बाहेर लोंबत नाही. पेडल काढा (डाव्याचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नका), हँडल फिरवून फ्रेमला समांतर करा, वरून पोतं सुतळीने शिवून टाका. पॅनियर मात्र स्वतःजवळच. आणि साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे. पाना आणि पंप हाताशी ठेवा, फलाटावरच जोडाजोड करावी लागेल.

धागाकर्ता: दोघांचे आभार. आजच लगेज ऑफिसात जाऊन आलो, मिरजेहून जमेल म्हणाले. मार्केट यार्डातून दोन पोतीही आणली. हळदीची निघाली. झटकून झटकून दमलो, सीट मात्र पिवळी झालीच.